वसुधा आणि आमचा काँग्रेसमन

वसुधा मला पहिल्या दिवसापासून खुपली. ओहायोतल्या आमच्या गावात मराठी घरं जेमतेम, त्यात ही नवी आलेली डॉक्टरची बायको. पहिल्याच चहाला मला विचारते, "उत्तराताई, आपला काँग्रेसमन कुठल्या बिलाला कसं व्होट करतो, तुम्ही बघता का हो?" मी इतकी वर्षं इथे राहत होते, सिटिझन होते, आणि वॉशिंग्टनमधल्या आमच्या भागाच्या या खासदाराचं मला नावही धड ठाऊक नव्हतं. म्हटलं, "अगं, चहा गार होतोय."

हे खूळ तिने नागपूरहून आणलं होतं. वडील विधानसभेत लघुलेखक. हिवाळी अधिवेशन भरलं की एकुलत्या एका लेकीला प्रेक्षकांत बसवायचे आणि सांगायचे, "भाषणं मी लिहून घेतो, तू फक्त हात कोणाचा वर होतो ते बघ." पोरगी तेच शिकली. इथे आम्ही बायका पेपरातली सवलतीची कूपनं कापायचो तेव्हा ही लायब्ररीत बसून आमच्या काँग्रेसमनची मतं वाचायची. दुधाच्या भावावर त्याने काय केलं, शाळेतल्या जेवणावर काय केलं, सगळं तोंडपाठ. मग थेट त्याच्या ऑफिसात फोन. चार जुलैच्या परेडमध्ये तो गर्दीतून तिला नावाने हाक मारायचा. माझा नवरा उल्हास मराठी मंडळाचा अध्यक्ष, पक्का इंजिनिअर, आणि त्याला हा माणूस दरवर्षी "हॅलो डॉक्टर" म्हणायचा. मला किती राग यायचा म्हणून सांगू!

चौऱ्याऐंशी साली इमिग्रेशनची गडबड सुरू झाली. सिटिझन माणसाला आपली भावंडं इकडे बोलावता येत, ती सोय कमी करावी असं वॉशिंग्टनमध्ये घाटत होतं. लग्न झालेल्यांना वगळायचं म्हणे. माझा धाकटा भाऊ श्रीराम त्याच रांगेत कधीचा उभा होता, आणि त्याचं लग्न झालेलं. माझा जीव टांगणीला लागला. आई-वडील गेलेले, माहेर म्हणून तो एकटाच उरला होता.

उल्हासने ठरवलं, काँग्रेसमनला गणपतीला बोलवायचं. शाल-श्रीफळ दिलं की माणूस आपला होतो, असं आमच्या मंडळाचं ठाम मत. चर्चच्या हॉलमध्ये उल्हासने त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, कौतुकाची भाषणं झाली. व्होटचं मात्र कोणी काढलं नाही. पाहुण्याला बोलावून त्याच्याकडे मागायचं कसं?

वसुधा मागच्या रांगेतून उठली. "भावंडांना वगळणाऱ्या बिलावर तुमची पाठिंब्याची सही आहे. का केलीत?"

उल्हास माझ्याकडे बघतोय, मी जमिनीकडे. काँग्रेसमन नारळ या हातातून त्या हातात करत म्हणाला, "खरं सांगू का? आपल्या भागात याने कोणाचं अडतं, हे मला कोणी सांगितलंच नाही."

"मग आता ऐका," असं म्हणून तिने माझ्याकडे हात केला आणि श्रीरामची सगळी गोष्ट सांगितली. धाकटा असून त्याने मला सायकल शिकवली, मी पडू नये म्हणून स्वतः खडीवर आपटला, हनुवटीवर अजून खूण आहे. हे मी तिला मटार सोलताना सांगितलं होतं. भाऊ माझा, हनुवटी त्याची, आणि डोळे भरून सांगतेय ही! आणि सांगितलं असं की मलाही तसं जमलं नसतं. त्या क्षणी मला ती डोळ्यांसमोर नको झाली.

काँग्रेसमनने बिलावरचं आपलं नाव काढून घेतलं. पुढे मतदान झालं तेव्हा त्याने आमच्या बाजूने मत दिलं, आणि ती सोय वाचली. वसुधाने फोन करून सांगितलं. मी आनंदाने रडले. फोन ठेवल्यावर मात्र मनात आलं, ही बातमीसुद्धा मला हिच्याच तोंडून कळायची होती का? जेवताना उल्हास म्हणाला, "बाई धीट आहे, यार." मी त्याला दुसऱ्यांदा आमटी वाढली नाही.

श्रीराम आला, त्याला आणखी तीन वर्षं लागली. विमानतळावरून घरी येताना गाडीत त्याने पहिलं काय विचारलं? "ताई, वसुधाताई कुठे राहतात?"

भाऊबिजेला मी पाट मांडला, रांगोळी काढली, त्याला ओवाळलं. त्याने मला हिरवी साडी दिली. मग बॅगेतून दुसरी काढली. तशीच, तेच काठ, पण जांभळी. "ही वसुधाताईंना." मला जांभळा रंग आवडतो, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे.

तिचं घर समोरच, तरी मी सोबत गेले. भावाला एकटं कशाला पाठवा? दिवस नुकताच मावळला होता. वसुधा ड्राइव्हवेवर कोट घालून ताट धरून उभी होती. तिला भाऊ नाही, म्हणून दर भाऊबिजेला ती चंद्राला ओवाळायची. माझ्या खिडकीतून मी ते दरवर्षी बघत आले होते.

"वसुधाताई," श्रीराम म्हणाला, "चंद्राला आज सुट्टी द्या." आणि गॅरेजमधली घडीची खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

वाऱ्याने निरांजन विझू लागलं, म्हणून मी दोन्ही हातांचा आडोसा धरला. तिने त्याला कुंकू लावलं आणि ओवाळायला लागली. ओवाळतेय, ओवाळतेय, हात काही थांबेना. माझी बोटं गारठली.

शेवटी मी म्हटलं, "पुरे गं आता. भाऊ थोडा माझ्यासाठीही ठेव."