वेळ जुळवणाऱ्यांचं ऑफिस

काही ऑफिसांत किस्से घडवून आणावे लागतात. आमच्याकडे ते पंख्यावरच्या धुळीसारखे आपोआप साचतात, आणि पुसायला कुणाला वेळ नाही. मालाडच्या एका गाळ्यात आम्ही तिघं डेस्कटॉप कंप्युटरचं घड्याळ इंटरनेटवरून बरोबर लावणारं सॉफ्टवेअर बनवतो. मी, टेस्टिंगवाली रूपाली आणि आमचे सीनियर सावंतकाका. तिघंही रोज लेट!

*

एकदा काकांनी प्रोग्राममधला बग सुधारला, पुन्हा बिल्ड केलं, म्हणजे बदललेल्या फाइलवरून प्रोग्राम नव्यानं बांधायला मशीनला सांगितलं. बग जागच्या जागी! पुन्हा केलं, तेच. शेवटी कळलं, टेस्टिंगसाठी रूपालीनं त्या मशीनचं घड्याळ वर्षभर मागे नेलं होतं. त्यामुळे काकांची ताजी फाइल मशीनला आधीच्या बिल्डपेक्षा जुनी वाटत होती, आणि नवीन काहीच नाही असं समजून ते हातच हलवत नव्हतं.

"काका, मशीनला सरकारी नोकरी लागली!" रूपाली म्हणाली.

काका हसले नाहीत. स्क्रीनवरचं गेलेलं साल बघत म्हणाले, "आसांदे गो जरा तसाच. तेव्हा केतकी घरात होती."

केतकी त्यांची एकुलती लेक. आता नोकरीसाठी कॅनडात.

*

ऑपरेटिंग सिस्टीमची स्वतःचीही वेळ लावणारी सर्व्हिस असते. एकदा ती बंद करायची राहून गेली. ती घड्याळ पुढे ढकलणार, आमचं सॉफ्टवेअर मागे ओढणार. सकाळभर सेकंद नुसते झोके घेत होते!

"घरात दोन कर्ते झाले की असंच," काका म्हणाले. "केतकीच्या वेळी मी म्हणत होतो, राहा. तिची आई म्हणत होती, जा."

"मग?"

"मग काय, माझी सर्व्हिस बंद पडली!"

*

आमचं सॉफ्टवेअर इंटरनेटवरच्या वेळ सांगणाऱ्या एकाच सर्व्हरवर विश्वास ठेवत नाही. चार-पाच सर्व्हरना वेळ विचारतं, आणि ज्याचं बाकीच्यांशी जुळत नाही त्याला बाद करतं. गणपती जवळ आले तसं काकांनी जेवताना विचारलं, "केतकी येतली काय गो औंदा?"

मी म्हटलं, सुट्टी मिळणं कठीण. रूपाली म्हणाली, तिकीट केवढं महाग असतं. तेवढ्यात चहा घेऊन आलेला टपरीवाला म्हणाला, "आएगी, आएगी!"

"झकास!" काका म्हणाले. "तुम्ही दोघी बाद!"

केतकी आली नाही. आम्ही कांदिवलीला त्यांच्याकडे आरतीला गेलो, तर तिच्या पलंगावर नवी चादर घातलेली होती. मला फार वाईट वाटलं.

*

आता हा शेवटचा. सर्व्हरला वेळ विचारली की उत्तर पोचेपर्यंत ती जुनी झालेली असते. म्हणून प्रश्न पाठवल्यापासून उत्तर मिळेपर्यंत किती वेळ गेला ते मोजायचं, आणि अर्धा जायला लागला, अर्धा यायला, असं धरायचं.

"पण दोन्हीकडे सारखाच लागला कशावरून?" रूपालीनं विचारलं.

"धरून चालायचं," काका म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. केतकीचा मेसेज! 'बरी आहे बाबा. बोलू.' काकांनी तो आम्हाला दोनदा वाचून दाखवला.

"तुम्ही मेसेज कधी केला होता, काका?"

"आठ दिवस झाले असतील."

"आठ दिवस! आणि एवढंच उत्तर?"

"अगं, चार दिवस माझा मेसेज जायला लागले, चार दिवस तिचा यायला," काका म्हणाले. "म्हणजे बघ, वाचल्या वाचल्या लगेच लिहिलं पोरीनं!"