मामा झोपलेत

बोगद्यावरच्या पंपवाल्याला सगळे थापाड्या म्हणत. आत झिरपलेलं पाणी उपसायचं आणि नळाचे सांधे गळतायत का बघायचं, एवढंच त्याचं काम. पंप एकदा धडधडायला लागला की हात रिकामे आणि तोंड मोकळं. मग स्वारी सुरू व्हायची. कुठल्याशा बोगद्यात म्हणे त्यानं जमिनीखालून वाहणारी आख्खी नदी पाहिली होती, आणि तिच्यात आंधळे मासे होते. पुढच्या खेपेला त्याच माशांना डोळे फुटलेले असायचे. माणसं पोट धरून हसायची, आपल्या डब्यातला घास त्याच्यापुढे करायची, पण त्याच्या एका शब्दावर विश्वास ठेवायची नाहीत. एकदा तो तापानं फणफणला, तर फोरमननं आधी कपाळाला हात लावून पाहिलं, मगच सुट्टी दिली. बायको म्हणायची, "तुम्ही मेलात तरी लोक आधी चिमटा काढून बघतील."

मन लावून ऐकणारे एकटे मामा. ड्रिल मशीनवरचा सगळ्यात जुना माणूस. जन्मभर खडक फोडून त्यांचे कान अधू झाले होते, म्हणून थापाड्याला अगदी कानाशी तोंड नेऊन बोलावं लागे. मामांनी आपली मुलगी याच कामावरच्या एका तरण्या गड्याला दिली होती. जावई त्यांना मामा म्हणायचा, म्हणून हळूहळू सगळा बोगदाच त्यांना मामा म्हणायला लागला.

एका पाळीला थापाड्या, मामा, जावई, फोरमन, एक वेल्डर आणि आणखी काही गडी आत टोकाशी होते. मागे आधी मुठीएवढे दगड पडले. कुणी मान वळवून बघेपर्यंत छत खाली आलं. दिवे गेले, पंप बंद पडला, आणि धूळ एवढी दाटली की शेजारचा खोकतोय की रडतोय ते कळेना. धूळ बसल्यावर हेल्मेटच्या दिव्यांच्या उजेडात दिसलं, बाहेर जायच्या वाटेवर नुसता ढिगारा होता. मामांचा पाय मांडीपर्यंत एका दगडाखाली होता. चौघांनी पहार लावून दगड उचलला, त्यांना ओढून काढलं, आणि फोरमननं आपला पट्टा सोडून त्यांच्या मांडीला आवळून बांधला. रक्त कमी झालं, पण थांबलं नाही.

जावयानं फावडं उचललं. "मामांना दवाखान्यात न्यायला पाहिजे," एवढंच म्हणाला आणि ढिगारा उपसायला लागला. वेल्डरही त्याच्या मदतीला गेला. ते एक फावडं काढायचे, की वरून दोन घमेली माती खाली यायची. फोरमन ओरडला, "अरे, राहिलेलं छत डोक्यावर घ्याल." कुणी ऐकेना. त्यानं फावडं हिसकायला हात घातला, तर जावयानं त्याला असं ढकललं की तो पाण्यात बसला. पंप बंद असल्यानं पाणी घोट्याला लागलं होतं.

खडकाच्या एका उंचवट्यावर, थापाड्याच्या मांडीवर मामांचं डोकं होतं. ते म्हणाले, "त्यांना काहीतरी सांग."

"माझं कोण ऐकतंय, मामा?"

"तुझं सगळेच ऐकतात. त्यांना काहीतरी सांग."

थापाड्याच्या तोंडाला कोरड पडली होती. ओरडायला गेला तर आवाज फुटेना. म्हणून तो हळूच बोलायला लागला, आणि तेच बरं झालं. फावड्यांच्या आवाजात काही ऐकू येईना, तेव्हा वेल्डरचा हात थांबला. "काय म्हणतोय हा?"

बोगद्यात काम करणाऱ्या सगळ्यांची एक समजूत होती. सुरुंग उडाला की डोंगर जागा होतो. तो पुन्हा झोपेपर्यंत आत मोठ्यानं बोलायचं नाही, शीळ घालायची नाही. कुठूनही आलेला गडी असो, ही रीत पाळायचाच. फोरमन तिची थट्टा करायचा आणि स्वतःही पाळायचा. थापाड्यानं तोच धागा धरला. म्हणाला, मी पोरसवदा होतो तेव्हा एका बोगद्यात असाच अडकलो होतो. आमच्यात एक म्हातारा होता. तो खडकाला पंजा लावून बसायचा आणि म्हणायचा, अजून जागा आहे, अजून कूस बदलतोय, टोचू नका त्याला. ज्यांनी टोचलं ते ढिगाऱ्यातच राहिले. आम्ही गप बसलो, डोंगर झोपला, मग बाहेरच्यांनी येऊन आम्हाला काढलं.

यातलं काही म्हणजे काही घडलेलं नव्हतं. पण नेमकं तेव्हाच छतातून एक खडा सुटला आणि पाण्यात डुबकन पडला. "बघा," थापाड्या म्हणाला, "कूस बदलतोय." वेल्डरनं फावडं खाली ठेवलं. जावईही फावडं टेकवून आला आणि मामांच्या पायाशी बसला.

फोरमननं एकच दिवा चालू ठेवायला सांगितलं. पाणी बाहेर टाकणारा लोखंडी नळ ढिगाऱ्याखालून गेलेला होता. त्यावर ते पाळीपाळीनं पाना आपटायला लागले. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पण नळातून उलट ठोके आले. वेल्डर तोंडात बोळा कोंबून रडला, डोंगर उठू नये म्हणून.

मामांनी पाणी मागितलं. पाणी गढूळ होतं. थापाड्यानं रुमाल बुडवून त्यांचे ओठ ओले केले. थोड्या वेळानं मांडीवरचं डोकं जड झालं. त्यानं नाकापाशी बोट धरलं, मग छातीवर हात ठेवला. हात तिथेच राहिला.

"मामा?" जावयानं विचारलं.

ढिगाऱ्यापलीकडे यंत्राची घरघर नुकती ऐकू यायला लागली होती. आता याला कळलं तर हा भान सोडून पुन्हा फावडं उचलणार, आणि त्याच्यामागं सगळे उठणार. थापाड्या म्हणाला, "मामा झोपलेत."

पुढे त्याला ते रेटावंच लागलं. जावई दर थोड्या वेळानं विचारायचा. थापाड्या वाकून मामांच्या तोंडाशी कान न्यायचा, मग वर बघून सांगायचा, "मामा म्हणतायत, धीर धर." "मामा म्हणतायत, पोरीला जप." जावई म्हणायचा, "हो, मामा." मांडीवरचं अंग गार पडत गेलं, पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं, आणि थापाड्या बोलत राहिला.

बाहेरच्यांनी भोक पाडून माणूस सरपटत जाईल एवढा रुंद नळ आत सारला. जावई म्हणाला, "आधी मामा," आणि त्यांना उचलायला वाकला. हात लावताच थांबला. त्यानं थापाड्याकडे पाहिलं. मामांना त्यानं एकट्यानंच नळापर्यंत उचलून नेलं.

फोरमननं सगळ्यांना सांगितलं, आम्ही याच्यामुळं जगलो. थापाड्यानं मान वर केली नाही.

पुढे एकदा मामांची मुलगी नवऱ्याला घेऊन त्याच्या घरी आली. पदर मुठीत धरून बसली. "दादा, बाबा शेवटी म्हणाले ना, पोरीला जप? यांनी सांगितलं मला."

जावई खाली फरशीकडे बघत होता. थापाड्याच्या थापांना लोक आजवर हसत आले होते. ही बाई विश्वास ठेवायलाच आली होती. 'हो' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि त्याला ते जमेना.

"ते मी म्हणालो," तो म्हणाला. "मामा तोवर गेले होते."

"मग बाबा काय म्हणाले?"

"त्यांना काहीतरी सांग, म्हणाले. मग पाणी मागितलं."

"माझं नाव?"

"नाही."

थापाड्याच्या बायकोनं आणलेलं पाणी तिनं घेतलं नाही. ती उठली. जावई तिच्यामागं गेला, पण उंबऱ्यातून वळला. "आत एवढ्या थापा मारल्यात," तो म्हणाला, "तिच्यासाठी एक जड झाली?"

थापाड्यानं बोगद्याचं काम सोडलं. आता पाणीपुरवठ्याच्या पंपघरात तो एकटाच असतो. तिथं त्याचं टोपणनाव कुणाला माहीत नाही, तो मुखदुर्बळ आहे असंच सगळे समजतात.

मध्यंतरी फोरमननं गळ घातली, नव्या भरतीच्या पोरांना येऊन दोन शब्द सांग, तुझं ऐकतील. तो गेला. कुठं उभं राहायचं, कुठला नळ ठोकायचा आणि ढिगाऱ्याला हात का लावायचा नाही, ते सांगून झालं. मागून कुणीतरी विचारलं, "मेलेला माणूस बोलतोय असं तुम्ही खरंच भासवलं होतं?"

"हो," तो म्हणाला. "आत त्याचा जावई होता. त्याला मी फसवलं."

जावई दाराशी येऊन उभा होता, ते त्याला तेव्हाच दिसलं. जावई आत आला नाही, आणि बोलणं संपेपर्यंत तिथून गेलाही नाही.