धरून दाखवायचा तास
संस्थेत सगळे तिला ताई म्हणत. वय चाळिशीचं, समज लहान मुलीची. भेटायला कुणी येत नसे. बिथरलेल्या माणसाला इजा न करता कसं धरायचं, हे शिक्षिका नव्या सेवकांना तिच्यावरच करून दाखवायच्या. एकेक जण तिला मागून कवेत घेई आणि ताई खुदकन हसे.

मग शिकवायला रबरी बाहुला आला. ताई दाराशी ताटकळायची.

“मला कधी धरणार?”

“तू शहाणी आहेस. तुला कशाला धरायचं?” शिक्षिका म्हणाल्या.

ताईने जरा विचार केला आणि शेजारच्या सेविकेला ती कडकडून चावली. कवेत कुणीच घेतलं नाही. दोघांनी तिला फरफटत नेलं, पलंगाला पट्ट्यांनी आवळलं आणि सुई टोचली.

“बघून ठेवा,” शिक्षिका सेवकांना म्हणाल्या, “ह्यांचा काही भरवसा नसतो.”