भागुबाईंचं बसायचं काम

चामराजपेटेतल्या भागुबाईंना बसायची सवयच नव्हती. सकाळी नळावरून पाणी, मग घरातल्या सातजणांचा स्वयंपाक, आणि दुपारी नवऱ्याने शिवलेले कपडे गिऱ्हाइकांच्या घरी पोचवणं. नवरा कृष्णाजी चिकपेटेत शिंपी होता. बेंगळुरात त्यांची ही तिसरी पिढी, त्यामुळे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड.

१९५८ साली एका दुपारी त्या रत्नाकर मास्तरांच्या घरी पोलकी द्यायला गेल्या. मास्तर आपल्या घराच्या पुढच्या खोलीत चित्रकलेचा वर्ग चालवत. वर्गात चित्रासाठी बसणारा म्हातारा त्या दिवशी आला नव्हता आणि दहाबारा मुलंमुली कोरे कागद घेऊन ताटकळली होती. भागुबाई गाठोडं खाली ठेवून पायरीवर दम खात बसल्या. मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले.

"बाई, अर्धा तास अशाच बसाल का? मुलं तुमचं चित्र काढतील."

"आणि मी काम काय करायचं?"

"बसायचं, हेच काम. फक्त हलायचं नाही."

हे भलतंच सोपं आहे असं वाटून भागुबाई हो म्हणाल्या. पाचव्या मिनिटाला नाक खाजलं. दहाव्या मिनिटाला पायाला मुंग्या आल्या. अर्धा तास झाला तेव्हा त्यांना पाण्याच्या चार घागरी आणल्यासारखं वाटत होतं. पण कागदांवर स्वतःला बघितलं आणि त्या हसत सुटल्या. एकात त्या स्वतःच्या आईसारख्या दिसत होत्या, एकात पोलिसासारख्या. मास्तरांनी "उद्या याल?" म्हणून विचारलं, तर त्यांच्या तोंडून कन्नडमधलं "सरी", म्हणजे बरं, निघून गेलं.

स्थिर बसायची युक्ती त्यांनी आपली आपणच शोधली. समोरच्या खिडकीच्या कडीवर नजर लावायची आणि मनात स्वयंपाकाला लागायचं. डाळ शिजत घालायची, पुरण वाटायचं, कणीक तिंबायची. पोळी तव्यावर पडेपर्यंत वेळ संपलेली असे. मुलांच्याही ते लक्षात आलं. "अक्का, आज फोडणी जरा जास्तच तापली वाटतं, भुवई हलली," असं कुणी म्हणालं की सगळा वर्ग हसे आणि भागुबाई सर्वांत जास्त हसत. घरी त्यांचं तोंड कुणी एवढं निरखून पाहिलं नव्हतं.

घरी मात्र त्यांनी "मास्तरांकडे कामाला जाते" एवढंच सांगितलं होतं. कृष्णाजींना वाटलं, धुणं किंवा केरवारा असेल. परक्यांनी निरखून बघावं म्हणून नुसती बसते हे सांगितलं तर भावकीत काय बोलतील, या विचाराने भागुबाई गप्प राहिल्या. अशी तीन वर्षं गेली.

मग वर्गाचं प्रदर्शन भरलं. एक गिऱ्हाईक कोटाचं माप देता देता कृष्णाजींना म्हणालं, "काल तुमच्या मंडळींना बघितलं. भिंतीवर, चौदा ठिकाणी."

कृष्णाजींनी भर दुपारी दुकान बंद केलं आणि गळ्यातली टेपसुद्धा न काढता ते प्रदर्शनाला पोचले. भागुबाई तिथेच मुलींबरोबर बोलत उभ्या होत्या. नवऱ्याला दारात बघून त्या घाबरून मुलींच्या मागे सरकल्या. कृष्णाजी सरळ भिंतीकडे गेले. एकेका चित्रापुढे थांबत ते पुढे सरकत राहिले. शेवटी एका चित्रापाशी उभे राहिले ते हलेनात. त्यात भागुबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या.

"हे कुणी काढलं?"

वीणा नावाची एक मुलगी भीत भीत पुढे आली. "मी. मला यायला उशीर झाला होता, मागेच जागा मिळाली."

"डावा खांदा अर्धा इंच खाली आहे तिचा," कृष्णाजी म्हणाले. "बाकी सगळ्यांनी दोन्ही सारखे काढलेत. तू बरोबर बघितलंस, पोरी."

भागुबाई भीती विसरून पुढे आल्या. "माझा खांदा खाली आहे?"

"लग्न झाल्यापासून. मी तुझं पोलकं त्या बेतानं कापतो."

"सव्वीस वर्षांत एकदा सांगायचं तरी."

"सांगून काय करायचं होतं? पोलकं नीट बसत होतं ना?" मग ते म्हणाले, "आणि तू तरी कुठं सांगितलंस?"

भागुबाई हसायला लागल्या, आणि मग कृष्णाजीही. मास्तरांनी दोघांना कॉफी पाजली. बोलता बोलता कृष्णाजींनी तीन चित्रांतल्या पदराच्या चुण्या कशा चुकल्यात तेही दाखवलं. मास्तरांनी ते वहीत टिपून घेतलं.

त्यानंतर दर सोमवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, नवराबायको जोडीने वर्गाला जाऊ लागले. भागुबाई बसत आणि अंगावर कापड कसं पडतं, कुठे ताणतं, ते कृष्णाजी मुलांना समजावून सांगत. एकदा मास्तरांनी हौसेनं कृष्णाजींनाच बसवलं. सातव्या मिनिटाला ते उठले, कारण समोरच्या मुलाच्या सदऱ्याची बाही उसवली होती आणि ती त्यांना बघवेना. "यांना हे काम जमायचं नाही," असं म्हणत भागुबाईंनी त्यांना बाजूला केलं, पदर सारखा केला आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.