सुनंदाबायला सांगायचं कसं

काशीराम ठाकूर मिठागरात वाढलेला माणूस. उन्हाला कधी भ्याला नाही, भरतीच्या पाण्याला नाही. पण सुनंदाबायला एक वाक्य सांगायला घाबरायचा. वाक्य तरी केवढं? ‘बाय, यंदा सुकट तुझ्याकडून नको.’

पनवेलहून तळोज्याकडे जाताना त्याची खाणावळ लागते. कारखान्यांची पाळी सुटली की साठ-सत्तर कामगार जेवायला येतात. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा ताट चालतं ते सुक्या मासळीवर, आणि ती मासळी बावीस वर्षं करंजा बंदरावरच्या सुनंदाबाय कोळणीची. खाणावळ उघडली त्या दिवशी पहिली पाटी तिनेच उतरवली, आणि रस्सा चाखून “मिठागरवाल्या, मीठ कमी हाय रं!” असं चारचौघांत सुनावलंही तिनेच.

गेल्या सालापासून मात्र सुकटीत वाळू यायला लागली. काशीरामची बायको रंभा चार पाण्यांनी धुवायची, तरी घास दाताखाली कचकन वाजायचा. एकदा एक जण भर पंगतीत म्हणाला, “शेठ, सिमेंटवाल्याशी भागीदारी केलीत काय?” सगळा बाक हसला. दुसऱ्या दिवशी तो बाकच्या बाक समोरच्या खाणावळीत!

पावसाळा तीन आठवड्यांवर आला. “सांगा की तिला सरळ,” रंभा म्हणायची.

“सांगतो ना, गुरुवारी.”

गुरुवारी सुनंदाबाय यायची आणि हा तिच्या गुडघ्यांची चौकशी करून तिला चहा पाजायचा! त्याचा हिशोब असा, की आधी दुसरी कुणी बघावी, मग तोंड उघडावं. ही चिडून गेली आणि दुसरी मिळाली नाही, तर चार महिने चुलीवर ठेवायचं काय? या विचाराने त्याची झोप उडाली होती.

सोमवारी सुनंदाबाय उरणच्या बाजारात असते. तो दिवस धरून काशीरामने मुलाचं हेल्मेट चढवलं आणि करंजा बंदर गाठलं. तिथेही काढलं नाही. घामाने निथळत, काच वर करून, रूपा नावाच्या बाईची सुकट तोंडात टाकून पाहिली. उंच बांधलेल्या जाळ्यांवर वाळवलेली. खडा नाही, कण नाही.

“चार महिन्यांचा माल मिळंल?” त्याने आवाज बदलून विचारलं.

“इचारून सांगते,” रूपा म्हणाली.

परतीच्या वाटेवर त्याला सुचलं, की ही विचारणार कुणाला? करंज्याच्या कोळीवाड्यात कोण कुणाचं नाही? त्याने गाडी बाजूला घेतली.

गुरुवारी सुनंदाबाय आली, ती डोक्यावरची पाटी न उतरवताच दारात उभी राहिली. “दादा, हेल्मेट घालून मासली कोन घेतं रं? रूपा माजी भाची हाय.”

रंभाचा डाव हातातच थांबला. इतके दिवस घोकलेलं सगळं काशीराम विसरला. “बाय, वाळू येते,” एवढंच निघालं.

“मला ठाव नाय? अंगनात पोरानं घर बांधलं, सुकट आता रस्त्याला वालवते. वरीस झालं वाट बघते, तू कवा बोलतस!” तिने पाटी उतरवली. “रूपा माल देल. पन माज्या शब्दाबिगर नाय.”

“म्हणजे?” काशीरामने विचारलं.

“बंदरावर सांगायचं, सुनंदानं काशीरामला सोरला. काशीरामनं सुनंदाला नाय.”

“आणि का सोडलं विचारलं तर?”

“सांगायचं, लय कटकट्या मानूस हाय!”

रंभा तोंडाला पदर लावून हसली. काशीरामने घाईघाईने मान डोलावली. बाईचा विचार बदलायच्या आत.

पुढच्या सोमवारी तो पहिलं पोतं आणायला गेला. लिलावाच्या गर्दीत एका म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तूच काय रं तो कटकट्या?”

आजूबाजूच्या दहा बाया वळून बघायला लागल्या.

“हां बाय, मीच तो,” काशीराम म्हणाला, आणि पोतं खांद्यावर घेतलं.