आईनं बदललेली कहाणी

नाचियारकोविल गावची पितळी समई चिंचेनं घासताना आंबट वास येतो आणि सत्तर वर्षांपूर्वीचा कुंभकोणमचा एक शुक्रवार आठवतो. मी नऊ वर्षांची होते. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेले आम्ही मराठी लोक दारापलीकडे तमिळ बोलायचो, पण व्रताची कहाणी मराठीतच व्हायची. गल्लीतल्या बायका मुठीत अक्षता धरून ऐकायच्या आणि संपली की देवीला वाहायच्या. कहाणी अर्धवट राहिली तर सगळ्यांचंच व्रत फुकट.

त्या दिवशी सांगायची पाळी आईची होती. माझा धाकटा भाऊ तापानं जाऊन दोन महिने झाले होते. कहाणीतल्या बाईचा मेलेला मुलगा व्रतानं उठून बसतो, तिथं येऊन आई थांबली. घामानं माझ्या मुठीतले तांदूळ चिकटले.

"मुलगा उठला नाही," आई म्हणाली.

"कहाणी अशी नाही गं," शेजारची मामी पुटपुटली. "पदरचं घालू नको."

"माझ्या घरी अशीच झाली."

मला आईची लाज वाटली. मूर्ख होते मी.

सगळ्यांत थोरल्या सक्कूअक्कांनी विचारलं, "मग पुढल्या शुक्रवारी ती बाई काय करत होती?"

"पूजेला बसली होती."

"झाली की कहाणी," अक्का म्हणाल्या आणि सगळ्यांच्या आधी त्यांनी मूठ उघडली.