कोपऱ्यावरचा कागदी झेंडा

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. बहिणीलाही नाही. का सांगितली नाही, असं विचाराल तर उत्तर सोपं आहे – कुणी विचारलंच नाही. अशा गोष्टींची तीच तर सोय असते.

जपानमधल्या ओजिमाच्या सरकारी वसाहतीत आम्ही आलो तेव्हा भारतीय बिऱ्हाडं अगदी मोजकी होती. मग पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी भराभर इंजिनिअर पाठवले आणि बघता बघता जिन्यात फोडणीचा वास येऊ लागला. मला जपानी येत होतं, पुण्यातच शिकले होते. त्यामुळे कुणी न नेमता मी सगळ्यांची प्रतिनिधी झाले. कुठल्या दिवशी कुठला कचरा टाकायचा हे नव्या बायकांना समजावणं माझ्याकडे. उन्हाळी उत्सवात त्यांना नाचायला नेणं माझ्याकडे. कुणी पाहुणा आला की पुढे होऊन वाकणंही माझ्याकडेच. रहिवासी मंडळाचे अध्यक्ष मोरिता-सान मला 'कुरुकारुनी-सान' म्हणत. कुलकर्णी त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. मला हे सगळं आवडायचं – खोटं कशाला बोलू?

त्या वसंतात मोरिता-सान घरी आले आणि ताठ बसून त्यांनी सांगितलं की सम्राटांच्या घराण्यातल्या एक बाई नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला येणार आहेत. कोपऱ्यावर रहिवासी स्वागताला उभे राहतील. त्यात भारतीय कुटुंबंही हवीत. कुणाला आणायचं, कसं उभं करायचं, ते मी बघायचं. नियम ठरलेले होते. ओरडायचं नाही. हात पुढे करायचा नाही. कागदी झेंडा छातीपाशी धरून मनगटातून हलवायचा. विचारलं तरच बोलायचं.

जाताना दारात बूट घालता घालता ते म्हणाले, "कुरुकारुनी-सान, मुलं शांत राहतील ना?"

आमची मुलं कॉरिडॉरमध्ये धावतात अशी तक्रार नुकतीच झाली होती. मी म्हटलं, "राहतील."

अजून मी गार्गीचं नाव घेतलेलं नाही. बघा, टाळतेच आहे.

गार्गी आमच्या खालच्या मजल्यावरची. आठ-नऊ वर्षांची. बोलत नव्हती. आनंद झाला की एक लांबलचक किंकाळी फोडायची आणि दोन्ही हात फडफडवायची. तिची आई वैशाली नाशिकची, माझ्याहून लहान. गार्गीमुळे बाकीच्या बायका तिच्याकडे फारशा जात नसत. हे मला माहीत होतं – आणि मी ते वापरलं.

वैशाली झेंडे न्यायला आली. "ताई, गार्गीला राणी बघायचीय हो. म्हणजे मलाच बघायचीय, तिच्या नावावर खपवतेय!" ती हसली. "आईकडून परकर-पोलकं मागवलंय तिला. तेवढे नियम सांगा. रोज सराव करून घेते." मी नियम सांगितले. तिने दोनदा म्हणून दाखवले. मग विचारलं, "कधी यायचं?"

सकाळी यायचं होतं. मी म्हटलं, "दुपारी ये. जेवून, सावकाश."

एवढंच. तोंडून निसटलं नाही ते. ती जिना चढून येत होती तेव्हाच मी ठरवलेलं होतं. सूचना जपानीत लागली होती, ती तिला वाचता येत नव्हती. आणि तिला सांगणारं माझ्याशिवाय होतं कोण?

सकाळ अगदी हवी तशी पार पडली. साड्या इस्त्रीच्या, मुलं गप्प, झेंडे छातीपाशी. काळी गाडी थांबली, बाई उतरल्या आणि माझ्यासमोर आल्या. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मुलं रुळली का इथे? सगळी?"

मी म्हटलं, "हो. सगळी."

दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली कोपऱ्यावर दोघी आल्या. हिरवं परकर-पोलकं, केसांत गजऱ्यासारखं काहीतरी. रस्ता मोकळा. मंडळाचे दोन म्हातारे दोरी गुंडाळत होते. वैशाली त्यांना खुणांनी काहीतरी विचारत होती आणि ते वाकून वाकून माफी मागत होते – कशाची, ते त्यांनाही कळत नसावं. गार्गी मात्र जागच्या जागी उभी होती. झेंडा छातीपाशी. मनगटातून हलवत. येणाऱ्या प्रत्येक गाडीला. आवाज नाही, एवढासुद्धा नाही.

मी खाली गेले नाही. उरलेले कपडे घातले.

थोड्या वेळाने वैशाली वर आली. "ताई, वेळ बदलली का?"

"हो गं, आयत्या वेळी. सगळ्यांना कळवता कळवता नेमकं तुझंच राहिलं."

"असू दे हो. तुमची किती धावपळ झाली असेल." आणि तिने नारळाच्या वड्यांचा डबा माझ्या हातात दिला. सगळ्यांसाठी केल्या होत्या म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, मुलगी शांत राहिली असती, मग उगाच भ्यालीस. पण मुद्दा तो नाहीच. ती किंचाळली असती, तरी काय झालं असतं? त्या बाई दचकल्या असत्या. मोरिता-सान लाल झाले असते. बस. तेवढं मला झेपणार नव्हतं.

गार्गीसाठी ती दुपार संपली नाही. शाळेची बस यायच्या आधी, आल्यावर, ती कोपऱ्यावर उभी राहायची. राणीची गाडी काळी होती हे तिला कुणी सांगितलं असावं; तशी गाडी दिसली की झेंडा हलवायची. झेंड्याचा कागद फाटला, मग नुसती काडी. वैशाली शेजारी उभी असायची. मी दिसले की हसायची. तिला कळलं होतं का? हसण्यावरून मला कधीच ठरवता आलं नाही. मी बाजाराला मागच्या रस्त्याने जाऊ लागले.

त्या वर्षी सुट्टीत आम्ही पुण्याला निघालो. सामान खूप, म्हणून विमानतळापर्यंत टॅक्सी केली. काळी होती. कोपऱ्यावर सिग्नल लागला. गार्गी काचेपासून हातभर अंतरावर उभी होती. तिने गाडीकडे पाहिलं, ताठ झाली, आणि काडी छातीपाशी धरून मनगटातून हलवू लागली. तोंड घट्ट मिटलेलं. डोळे इतके आनंदी की त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

नवरा म्हणाला, "अगं, गार्गी बघ. हात तरी कर."

मी पर्समध्ये पासपोर्ट शोधू लागले. पासपोर्ट माझ्या हातातच होता.